दादाची कावीळ

दादा गेल्याचा निरोप केळझरच्या शाळेत आला, तेव्हा मी तिसरीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत होते. सतराचा पाढा शेवटपर्यंत म्हणवून घेतला आणि मगच खुर्चीत बसले... त्याला आता दीड महिना होईल.

आमचा वसंतदादा बोरगावला राहायचा, वर्ध्याच्या एका कचेरीत कारकून होता. मी धाकटी, पण हुकूम माझे. सहा वर्षांपूर्वी, ऐंशी सालच्या सुमारास, चार दिवसांत त्याचे डोळे पिवळेधमक झाले. कावीळ म्हटली की आमच्याकडे उसाचा रस आणि ताक. मी रजा टाकली, वहिनीला स्वयंपाकघरातून हुसकावलं आणि ग्लासामागून ग्लास दादाला पाजले.

"सुमे, मले बुडवून राह्यली का व?"

"गुपचूप पिऊन टाक. आन् आडवा हो, बसला काऊन?"

"आडवं झालं का दम लागते."

मला ते नखरे वाटले. पायांवर सूज आली, तेव्हा मी रस वाढवला. रजा संपली, मी परतले. मागून वहिनीनं त्याला दवाखान्यात नेलं. पंधरा दिवसांनी तो घरी आला, आणि मी धरून चालले की गुण माझ्या रसानंच आला. मग काय, दर दिवाळीला मी पाहुण्यांना माझ्या रसाचा महिमा ऐकवायची आणि दादा हसून मान डोलवायचा. काय छान दिवस होते ते!

तेरवीनंतर शेजारच्या काकू भेटायला आल्या. डोळे पिवळसर, पाय सुजलेले. "रस प्या, काकू. माह्या दादाले त्यानंच..." मी सुरू झालेच होते, तर वहिनीनं माझा हात धरला.

"नाई, सुमनबाई. पह्यले काकूची छाती पाहू द्या डॉक्टरले."

आत नेऊन तिनं सगळं सांगितलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात दादाच्या हृदयाची झडप बिघडली होती. रक्त पुढे सरकेना, ते यकृतात तुंबलं. कावीळ त्यामुळे झाली होती. डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजून द्यायला सांगितलं होतं. आणि मी ग्लास भरत होते.

"मग मले सांगितलं काऊन नाई?"

"त्यायनं शपथ घातलती. म्हणत, तिनं जीव लावून पाजलं, तिले कधी कळू देऊ नको."

रडू आलं, त्याहून जास्त राग आला. सहा वर्षं! एकदा ओरडला असतास, दादा, तर मी माफी तरी मागितली असती.

दुसऱ्या दिवशी काकूंना मीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि मला विचारलं, "घरी काय काय पाजलंत यांना?"

"काही नाही पाजलं," मी म्हणाले, आणि तिथंच सगळ्यांसमोर हमसून रडले.