ठिणगीची मौनवाट

धुलाईच्या कारखान्यात तिला सगळे ठिणगी म्हणत, तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. राग यायचा तो मुकादमाचा, त्याची जीभ कामापेक्षा लांब म्हणून. इस्पितळांतून आलेल्या चादरी धुऊन झाल्या की तापलेल्या मोठ्या रोलरखाली सोडायच्या, हे तिचं काम. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला धाकटी जाऊ. घरी स्वयंपाकघरात एकमेकींची तोंडं न बघणाऱ्या या दोघी इथे मात्र एका श्वासात चादर सोडत.

बोटं आत जाऊ नयेत म्हणून रोलरच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती. जाळीत चादर अडखळते, काम मागे पडतं, म्हणून मुकादमाने ती काढून गोदामात टाकली. ठिणगी तेव्हाच कडाडली होती. कोण ऐकतंय! मग एका दुपारी चादरीबरोबर जावेची दोन बोटं आत गेली.

जाऊ दवाखान्यात पडली आणि इकडे बायका पेटल्या. साहेबांनी काय करावं? बाहेरून एक गोड बोलणाऱ्या बाई बोलावल्या. त्यांनी मागच्या आवारात पांढऱ्या दगडांची गोल गोल वाट आखून दिली. "हा भूलभुलैया नाही हं," बाई म्हणाल्या. "वाट एकच, चुकायचं नाव नाही. वळत वळत मध्यावर जायचं, तसंच परत यायचं. मन निवळतं." साहेबांनी शेजारी पाटीही ठोकली: मौनवाटेवर चालणाऱ्याशी बोलू नये, त्याला कामासाठी हाक मारू नये.

"बोटं आमची गेली, आणि मनही आम्हीच निवळायचं?" ठिणगी म्हणाली. "जाळी बसवायला माणूस मिळत नाही, दगड मांडायला बरा मिळाला!"

बायकांनी त्या वाटेला गोगलगाय म्हणायला सुरुवात केली.

तरी एकदा जेवणाच्या सुट्टीत ती वाटेवर उतरली. दगड लाथाडायलाच उतरली होती. पण वाट अशी चिंचोळी की पाऊल जपूनच टाकावं लागे. मध्य हाताशी आला म्हणावं, तर वळण तिला पार कडेला नेऊन सोडी. मग ती रोज जाऊ लागली. राग काडीभरही निवळला नाही. उलट घरी नवऱ्यावर, भांड्यांवर, पोरांच्या पाठीवर सांडायचा तो राग चालता चालता एका जागी गोळा होऊ लागला. जावेच्या हातावरची पट्टी, उघडा रोलर, गोदामातली जाळी. बाकीचं गळून गेलं. पोरंसुद्धा म्हणायला लागली, आई हल्ली ओरडत नाही.

सोमवारी जाऊ कामावर परतणार होती. त्याच रोलरवर. शनिवारी ठिणगीने मुकादमाला जाळीचं शेवटचं विचारलं.

"बघू पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. "जरा चालून ये तू. डोकं थंड होईल."

"येते की."

ती वाटेवर उतरली. तिच्यामागे घडी घालणारी, तिच्यामागे पिळणारी, बघता बघता सगळा कारखाना. यंत्रं थांबली. दाराशी चादरी न्यायला आलेली गाडी भोंगा वाजवत राहिली.

मुकादम काठाकाठाने धावू लागला. "अगं ए! कान फुटले का तुमचे?" कोणी मान वर करीना. एकीने चालता चालता नुसतं पाटीकडे बोट केलं. तो दगड ओलांडून घुसणार, तोच खिडकीतून साहेब ओरडले, "अहो, दगड हलतील!" मग काय, निघाला तोही वाटेच्या तोंडापासून, वळणं घेत, घाम पुसत, रांगेतल्या शेवटच्या धुणारीच्या मागे मागे. तिला मुळीच घाई नव्हती. मध्यावर ठिणगी उभी होती.

"जाळी कुठाय?" तिने विचारलं.

"गोदामात."

"मग इकडे कशाला आलात?"

संध्याकाळी जाळी बसली.

सोमवारी साहेब स्वतः खाली आले. "बघा, चालण्याचा उपयोग झाला की नाही?" ते हसून म्हणाले.

जाऊ जाळीवरून उरलेली बोटं फिरवत होती. "ताई," ती हळूच म्हणाली, "नुसते चार बोल्ट गं. एवढंच होतं?"

ठिणगीने तिचा हात धरून साहेबांच्या तोंडासमोर नेला. "उपयोग झाला का, ते ह्याला विचारा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते जिना चढले. रोलर तापला होता. ठिणगीने चादरीचं टोक उचललं, आणि असं आवळलं की काठाची शिवण टरकन उसवली.