एका रबर बँडमधले तीन पासपोर्ट

रियाधच्या त्या फुटबॉल क्लबात माझ्याकडे दोन खाती होती: सामान आणि कागद. बूट, मोजे, गोलाची जाळी, बर्फाच्या पेट्या मोजून ठेवायच्या, आणि परदेशी माणसांचे पासपोर्ट सांभाळायचे. क्लबच सगळ्यांचा कफील, म्हणजे सरकारदरबारी जामीनदार, म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत असत. एका कुटुंबाचे पासपोर्ट मी एका रबर बँडमध्ये ठेवायचो. शोधायला सोपं पडतं. इतक्या वर्षांत ही पद्धत बदलायचं कारण पडलं नव्हतं.

आमचा कोच दक्षिण अमेरिकेतला. त्याचा बायोडाटा मीच टाइप केला होता, त्यामुळे त्याची कारकीर्द मला क्रमवार पाठ होती. बंदराच्या गावातला मुलगा, डाव्या बाजूने खेळायचा, एकोणिसाव्या वर्षी देशाच्या संघात. मग गुडघा गेला. मग युरोपात दोन साधे क्लब. खेळणं थांबल्यावर प्रशिक्षक म्हणून उत्तर आफ्रिका, मग आखात, मग पुन्हा उत्तर आफ्रिका. तारखा टाइप करताना माझ्या लक्षात आलं: रुजू ऑगस्ट, सोडलं डिसेंबर. रुजू सप्टेंबर, सोडलं फेब्रुवारी. एकही सीझन पुरा नव्हता.

मी विचारलं तेव्हा तो त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हरलो की मालक काढतो. सगळीकडे मालक सारखेच. पण इथे नाही. इथे शेवटच्या सामन्यापर्यंत मी बेंचवर बसणार. एकदा तरी."

आमचा संघ दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होता आणि त्या वर्षी वर चढेल असं दिसत होतं.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये शेजारचं कुवेत शत्रूच्या ताब्यात गेलं. डिसेंबरपर्यंत ज्यांना शक्य होतं त्यांनी बायकामुलं घरी पाठवायला सुरुवात केली. जानेवारीच्या सुरुवातीला कोच ऑफिसात आला. बायको आणि मुलगी जाणार, म्हणाला. "आणि तुम्ही?" "मी कशाला? शनिवारी सराव आहे."

मी दोन अर्ज भरले, दोघींच्या कायमच्या एक्झिटचे, म्हणजे परत न येण्याच्या बोलीवर देश सोडण्याचे. दोघींची नावं कोचच्याच इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर होती, म्हणून तो इकामाही लागणार होता. तो पासपोर्टांना लावला आणि गठ्ठा क्लबच्या त्या माणसाकडे दिला जो सरकारी कचेऱ्यांत जात असे. गठ्ठ्यात तीन पासपोर्ट होते. तिसरा, कोचचा, काढून ठेवायचा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रबर बँड होता तसाच गेला.

कचेरीत त्या दिवसांत दारापर्यंत माणसं उभी. अर्ज दोन, पासपोर्ट तीन, म्हणून आपल्या माणसाने तिसरा अर्ज तिथेच भरून टाकला. काम पूर्ण केलं असं त्याला वाटलं. तिघांवर शिक्के बसले आणि इकामा जमा झाला.

मी मुदीरकडे, क्लबच्या मॅनेजरकडे गेलो. तो चहा पीत होता.

"रद्द करता येईल का?"

"येईल. प्रेसिडेंटची सही लागेल. ते घरच्यांना घेऊन जेद्दाला गेलेत."

"चूक माझी आहे."

"चूक कसली? लढाई होणार, सामने कुठले? खलास. गॅसच्या मुखवट्यांची यादी झाली का?"

ती झाली नव्हती. मी जागेवर येऊन ती केली. दुपारपर्यंत लागली. त्या वेळात दुसरं काही केल्याचं किंवा काही वाटल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी कोच मैदानावरून आला, गळ्यात शिट्टी. मी तिन्ही पासपोर्ट पुढे ठेवले. त्याने स्वतःचा उघडला. तो शिक्का ओळखायला आता कुणालाच अरबी यावं लागत नव्हतं.

"मी पण?"

"हो."

"प्रेसिडेंट?"

इथे मला सांगता आलं असतं. "क्लबचं ठरलं," मी म्हणालो.

तो खुर्चीत बसला. "आपण किती हरलो?"

"दोन."

"दोन," तो म्हणाला. "दोनवर मला आजवर कुणी काढलं नव्हतं."

त्याने अनुभवाचा दाखला मागितला. मी टाइप करून दिला. सोडल्याची तारीख शिक्क्याप्रमाणेच घातली. कागद कागदाशी जुळला पाहिजे. त्याने वाचला, घडी घातली.

विमानतळावर सोडायला मी आणि क्लबचा ड्रायव्हर गेलो. तो रायगडच्या किनाऱ्यावरचा, माझ्याहून मोठा. सगळे त्याला चाचा म्हणत. सगळी हकीकत त्याला ठाऊक होती. बॅगा उतरवता उतरवता तो मराठीत सुरू झाला.

"सांग की त्याला, यादीवाल्या. आता तरी सांग."

"काय सांगू?"

"कुणी हाकललं नाही म्हणून सांग. तुझ्या रबराने नेलं. बिचारा समजतोय, ह्यांनी पण काढला."

"चाचा, बॅगा सात आहेत. मोजून घ्या."

"बॅगाच मोज तू! तुझ्या मय्यताला पण यादी करशील, किती आले, किती नाही आले."

कोचने विचारलं, काय म्हणतोय? मी म्हणालो, बॅगा मोजतोय. त्याची बायको आमच्याकडे न बघता ट्रॉली ओढत पुढे गेली. मुलीने कुणी न सांगता हात हलवला.

जाता जाता कोचने चार घड्यांचा एक कागद माझ्या हातात दिला. "नवीन येईल त्याला दे."

नवीन कुणी आलं नाही. काही दिवसांतच लढाई सुरू झाली, सराव बंद पडला. भोंगा वाजला की मी आणि चाचा मुखवटे लावून स्टोअरमध्ये बसायचो. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी मीच लावली होती. चाचा माझ्याशी बोलत नसे. मुखवट्यात तसंही बोलता येत नाही.

कागद मी तिथेच एकदा उघडला. सीझनचं शेवटपर्यंतचं वेळापत्रक होतं, आठवड्यागणिक आखलेलं, पेन्सिलीच्या रेघा सरळ. अखेरच्या आठवड्यापुढे इंग्रजीत लिहिलं होतं: हलका सराव. कुणावर ओरडायचं नाही.