कव्हरकाकूंच्या मेथीला पाणी

कव्हरकाकूंनी मला फसवलं. माझ्या बायकोला हाताशी धरून, मला समोर बसवून, माझ्याच सहीनं फसवलं. टार्निटमध्ये काकूंविरुद्ध अवाक्षर काढायची सोय नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मेलबर्नच्या या बाजूला आम्हा मराठी लोकांत त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. मार्च आला, हेल्थ कव्हरचा हप्ता वाढल्याचे ईमेल आले, की लोक त्यांच्याकडे जात. सरकारी मेडिकेअर कुठपर्यंत पुरतं, त्यावर खासगी हॉस्पिटल कव्हर घ्यावं का, घेतलंय ते अजून उपयोगाचं आहे का, हे सगळं काकू डायनिंग टेबलावर चष्मा पुसत पुसत सांगायच्या. पैसे घेत नसत. "मी सल्ला देत नाही, वाचून दाखवते," असं आधीच बजावत. इथल्या एका एजन्सीत त्यांनी काही वर्षं नोकरी केली होती, पण महागडं कव्हर गळ्यात मारायला लावतात म्हणून सोडली.

त्याआधी त्या नाशिकला एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर होत्या. "लोकांना नाही म्हणायचा पगार मिळायचा मला," त्या म्हणत. "म्हणून 'नाही' कुठल्या ओळीत दडून बसलंय ते मला लांबून दिसतं." हे त्या हसत सांगायच्या, पण लगेच चहाचं बघायला उठायच्या.

त्यांची एक पद्धत होती. जोडप्यानं एकत्रच यायचं, आणि मग एकेकानं बाहेर जायचं. आधी नवऱ्यानं. मागच्या अंगणात काकूंनी मेथी लावली होती, तिला पाणी घालायचं काम त्याच्याकडे. तो घरात आला की बायको बाहेर. काकूंचं म्हणणं असं, की नवऱ्यासमोर बायका तब्येत छान असल्याचं सांगतात आणि बायकोसमोर नवरे. आजार कळल्याशिवाय कव्हर कसं निवडणार? टार्निटमधल्या झाडून सगळ्या नवऱ्यांनी त्या मेथीला पाणी घातलंय. इंजिनियर, डॉक्टर, ट्रकवाले, सगळ्यांनी. मेथी कमरेएवढी कशी झाली नाही याचंच आश्चर्य.

आता माझ्याबद्दल. मी इथे स्टुडंट म्हणून आलो, भांडी घासली, टॅक्सी चालवली, लोकांच्या घरात कार्पेट टाकलं. आज माझा फ्लोअरिंगचा धंदा आहे. लावलेल्या किमतीला मी आजवर काहीही घेतलेलं नाही. फ्रिज नाही, व्हॅन नाही, घरसुद्धा नाही. कव्हर घेतलं नाही तर सरकार जादा कर लावतं, म्हणून सगळ्यात स्वस्त, बेसिक कव्हर मी घेऊन टाकलं होतं. सगळं माझ्या नावावर. काकूंकडे गेलो ते बायको, स्मिता, फारच मागे लागली म्हणून.

"रवी, मेथीला पाणी घाल जरा," काकू म्हणाल्या.

"काकू, बाहेर पाऊस पडतोय."

"मग छत्री घे."

मी छत्री घेऊन पावसात मेथीला पाणी घातलं. शेजारचा गोरा कुंपणावरून बघत होता. "ऑल गुड, मेट?" म्हणाला. मी झारी उंच करून दाखवली.

परत आत आलो तर काकूंनी निकाल तयार ठेवलेला. "तुमचं बेसिक म्हणजे हॉस्पिटलच्या दारापर्यंतचं कव्हर. आत गेल्यावर तुम्ही आणि तुमचं नशीब. फंड बदल, दुसऱ्या विमा कंपनीचं ब्राँझ घे, बेसिकच्या वरची पायरी. गोल्डच्या नादाला लागू नकोस, ते तुम्हाला नको."

"आम्हाला झालंय काय?"

"काही नाही. पण नवीन फंडवाले सहा आठवडे फुकट देतात म्हणे. मला नाही दिले. तुला तर नाहीच द्यायचे."

बस. मी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि भांडायला सुरुवात केली. मॅनेजरला बोलवायला लावलं. सहा आठवडे घेतलेच, वर काही गोष्टींचा वेटिंग पीरियडही माफ करून घेतला आणि ब्राँझच्या फॉर्मवर सही ठोकली. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू नाशिकला माझ्या काऊंटरवर आला असतास तर मी राजीनामा देऊन घरी गेले असते," त्या म्हणाल्या. मंडळाच्या गणपतीत मी हा किस्सा निदान दहाजणांना ऐकवला. तीच ऑफर फंडाच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी लावलेली होती, हे मला पुढे कधीतरी कळलं. त्या दिवशी मी फोनवर ओरडत असताना स्मिता खिडकीबाहेर बघत होती, हेही मला पुढेच आठवलं.

कव्हर वाढवलं की जुन्या दुखण्याला बारा महिने थांबावं लागतं. हा नियम मला माहीत होता. पण आपल्या घरात जुनं दुखणं आहे, हे माहीत नव्हतं.

त्या वर्षातल्या गोष्टी आता एकेक वर येतात. धुतलेले कपडे वर नेताना स्मिता जिन्यातच बसायची. क्रीकच्या काठानं फिरणं तिनं बंद केलं. काळ्या पँटशिवाय दुसरं काही घालेना. कसल्या गोळ्या घेतेस म्हटलं तर म्हणाली, व्हिटॅमिन. समुद्र बघायला ग्रेट ओशन रोडला गेलो तेव्हा ती गाडीतून उतरलीच नाही. मी म्हणालो, "आळशी झालीयस तू." ती म्हणाली, "हो, झालेय खरी."

मग एका सकाळी, टोस्टला बटर लावता लावता, दूध संपल्याचं सांगावं तशा आवाजात ती बोलली. "मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. गर्भाशय काढायचंय. सोडायला येशील, की काकूंना सांगू?"

मी युनीत शिकणाऱ्या मुलीकडे पाहिलं. तिला माहीत होतं. "डॅड, यू वुड हॅव येल्ड. ओरडला असतास तू," ती म्हणाली आणि बॅग उचलून ट्रेनला निघून गेली.

मी तडक काकूंच्या दारात.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"हो," काकू म्हणाल्या.

"वर्षभर."

"वर्षभर. आत ये, चहा टाकते."

"चहा नको. मला सांगितलं असतं तर मी थांबलो असतो का बारा महिने? कव्हर गेलं खड्ड्यात, पदरचे पैसे भरून दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून घेतलं असतं."

"माहितीये. सरकारी यादीतही नाव लावलंय तिनं, तिथला नंबर अजून आला नाही. तुला सांग म्हणून मी दोनदा म्हटलं तिला. तिला नको होतं."

"का?"

काकूंनी चष्मा काढला. "डेंटिस्टकडे काय केलं होतंस?"

मला आठवेना. काकूंनी आठवण करून दिली. स्मिताचं रूट कॅनल झालं होतं. ती काम करते त्या चाइल्डकेअरमधल्या एका मुलाची आई तिथे खुर्चीत बसलेली. आणि मी काऊंटरवर बिलावरून हुज्जत घालत होतो. मला तर ते जिंकल्याचं आठवत होतं.

"तोंड बधिर झालेलं, त्यामुळे तिला 'पुरे' असंही म्हणता येईना," काकू म्हणाल्या. "ती मला म्हणाली, काकू, दातासाठी एवढं, तर ह्यासाठी काय करेल? माझ्या शरीराचा भाव चारचौघांत व्हायला नको. यावर मी काय बोलणार होते, रवी?"

मी चहा न घेता घरी आलो.

ऑपरेशन नीट झालं. सर्जन भली बाई होती. म्हणाली, हिमोग्लोबिन इतकं खाली होतं, या बाई उभ्या कशा राहत होत्या? आणि मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, "तुमच्या लक्षात आलं असेलच." तिनं ते साधेपणानं म्हटलं होतं. टोमणा असता तर मी भांडलो तरी असतो. हॉस्पिटलच्या बिलाबद्दल मी एक शब्द बोललो नाही. स्मिता डोळे मिटून पडली होती, पण झोपलेली नव्हती. मी कधी सुरू होतोय, याची ती वाट बघत होती. मला ते दिसत होतं.

पुढच्या वर्षी काकू मुलाकडे पर्थला गेल्या. त्यांचा फोन यायचा. मी उचलला तर माझी चौकशी करायच्या आणि म्हणायच्या, "आता स्मिताकडे दे आणि तू जरा दुसऱ्या खोलीत जा." मी जायचो. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. स्मिता पर्थला जाऊन आली. मी तिला एअरपोर्टला सोडलं, तिकीट मात्र माझं काढलं नव्हतं. राग होता. अजून आहे.

मार्चमध्ये आता लोक मला फोन करतात. रवी, तू फंडवाल्यांशी भांडतोस, आमचं पण बघ. मी बघतो. पायऱ्या, वेटिंग, एक्सेस म्हणजे आधी पदरचे किती भरायचे ते, सगळं मला येतं. पण मी कितीही हळू आवाजात विचारलं तरी माझ्यासमोर सगळ्या बायकांची तब्येत उत्तम असते. नवरे खूश होतात, स्वस्तातलं कव्हर घेऊन जातात. आणि त्या बाया गाडीत बसेपर्यंत मी त्यांच्या चालण्याकडे बघत राहतो.

तर काकू, माझं म्हणणं एवढंच. तुम्ही तिचं ऐकलंत, तिचा जीव वाचवलात, ते सगळं मान्य. मी ओरडलो असतो, हेही मान्य. घर डोक्यावर घेतलं असतं. सर्जनशी भाव केला असता, कुणी सांगावं. पण माणूस कितीही ओरडला तरी कधीतरी थांबतो. थांबल्यावर मी काय केलं असतं, हे बघायला तुमच्यापैकी कुणीच थांबलं नाही. स्मिता नाही, पोरगी नाही, तुम्हीही नाही. त्यामुळे मी कसा नवरा आहे ते आता मलाही कधी कळणार नाही. याचा जाब मला हवा आहे. स्मिताकडे मागायची माझी हिंमत होत नाही, म्हणून तो तुम्हीच द्यायचा.