पाराचं मत

चिकलठाण्यात आमचा पार मोडून रस्ता काढायचं घाटत होतं. नातीनं कुणालाही फुकट वापरता येईल असं सॉफ्टवेअर केलेलं. पार ठेवायचा का मोडायचा, नकाशावर बोट दाबून लोकांनी मत द्यायचं. पारावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या वतीनं मीच दाबत बसलो. आमच्यात एकानं बोललं की सगळ्यांचं झालं, ही रीतच हाय.

पुढं ते सॉफ्टवेअर तपासायला तिच्याच पेशातल्या परक्या जाणकारांकडं गेलं. त्यांनी कळवलं, एकच माणूस कितीबी मतं देतोय, हे बंद करा.

"आबा, तुमच्यामुळं लई मोठी चूक सापडली! सॉफ्टवेअरच्या आभारात तुमचं नाव टाकते."

"टाक की. पण पाराचं काय?"

"आता तुमचं एकच मत उरलं."

सकाळी सगळे म्हातारे तिच्या टेबलाभोवती आणून बसवले. म्हणलं, "घे, आता एकेकाचं बोट धर."