डोळ्यावर डोळा

केवळाबाई माझी थोरली जाऊ. मी इंदू, धाकटी. फटकळ म्हणून सगळ्या भावकीत बदनाम. बाई माझ्या अगदी उलट. कुणी पायावर पाय दिला तरी आधी याच म्हणणार, माझाच पाय मधे होता. असल्या माणसाचं जगात काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

आमचं गाव चाकूर तालुक्यात. तनुजा ही बाईंची एकुलती लेक. तिच्या पहिल्या संक्रांतीला अंगणात बोरन्हाण केलं. पोरांनी बोरं लुटली, पण एखादं रस्त्याकडच्या कडेला घरंगळलं असणार, कारण पावसाळ्यात तिथं रोप उगवलं. बोरी-बाभळीला आमच्याकडं कोण विचारतं! पण बाईंनी त्याला काट्यांचं कुंपण घातलं. लेक आणि झाड बरोबरीनं वाढली. तनू चौथीत असताना तिला डेंगू झाला. लातूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या हिवाळ्यात ते झाड असं लगडलं की फांद्या भुईला टेकल्या. बोर लिंबाएवढं, सालीला केशरी झाक, आठळी बारीक, आणि औषधाचा थेंब न मारता आत अळी म्हणून नाही. लोक त्याला तनूबोर म्हणायला लागले. बाईंना तेवढंच पुरे होतं. "लेकीचं नाव रोज कुणाच्या तरी तोंडात येतं, इंदू," म्हणायच्या, "अजून काय पायजे?"

आता आमच्याकडची रीत सांगते, कारण सगळं त्यातच अडकलंय. रानबोरीवर चांगल्या बोरीचा डोळा भरतात. डोळा म्हणजे काडीवरचा कोंब, सालीसकट अलगद काढून बसवायचा. पण ती काडी मागून नेली तर जगत नाही, चोरून न्यावी लागते. आणि मालकाची नजर तिच्यावर पडता कामा नये. डोळ्यावर डोळा पडला की तो मेलाच. म्हणून नेणारा विचारतो, "काडी चोरून नेऊ का?" मालक म्हणतो, "न्या खुशाल," आणि पाठ फिरवतो. बाई तर पाठ फिरवून वर डोळेही मिटून घ्यायच्या. मी म्हणायचे, "अवो बाई, कुणी झाड उपटून नेलं तरी तुम्हाला कळायचं न्हाई!" त्या हसायच्या.

असाच एकदा देगलूरकडचा माधवराव आला. मोठा रोपवाटिकावाला, गाडीतून उतरला, बोरं खाल्ली, झाडाभोवती फिरला. मग हात जोडून म्हणाला, "बाई, एक काडी चोरून नेऊ का?" मोठ्या माणसाला आपली रीत माहीत आहे, याचंच बाईंना केवढं कौतुक! पाठ फिरवली, डोळे मिटले. मी त्या दिवशी माहेरी किल्लारीला होते. नाहीतर त्याच्या हातातली जुडी मोजल्याशिवाय मी त्याला गाडीत बसू दिलं नसतं.

पुढं रस्ता रुंद झाला आणि मूळ झाड गेलं. बाई दिवसभर जेवल्या नाहीत. परसात त्याच्याच डोळ्याचं दुसरं झाड होतं, गावातही बरीच होती, म्हणून त्यांनी मन घट्ट केलं.

मग माझा मुलगा बजरंग, शेतकी कॉलेजात शिकलेला, नांदेडच्या कृषी प्रदर्शनातून तणतणत आला. तिथं तनूबोर मांडलं होतं, पाटीवर नाव 'माधव सुवर्ण'. माधवरावानं दिल्लीला अर्ज केला होता, की हा नवा वाण मी माझ्या रानात तयार केला, तो माझ्या नावावर नोंदवा. बजरंगनं मुदतीत हरकत घेतली.

बाईंनी त्याला विचारलं. "आपण जिंकलो तर तनूचं नाव लावतील का रे?"

"लावतील, मोठीआई."

"आन् हरलो तर?"

"बोरं खायला, विकायला, आपल्या रानात लावायला कुणी अडवणार न्हाई. नाव तेवढं त्याचं."

"नावच गेलं, मग राहिलं काय?" बाई म्हणाल्या.

दिल्लीची सुनावणी चाकूरला कॉम्प्युटरवर झाली. दोन्हीकडची झाडं एकच आहेत हे तपासणीत आलंच होतं. पण माधवराव शपथेवर म्हणाला, मी त्या गावी कधी गेलोच नाही, त्यांच्याकडची झाडं माझ्याच रोपांची. खोटारडा मेला! मूळ झाड उरलं नव्हतं. मूळ झाड इथलंच होतं म्हणून गावानं सह्या दिल्या, तर त्याचा वकील म्हणाला, सगळी एकाच भावकीची माणसं. मग त्यानं बाईंना गोड आवाजात विचारलं,

"यांना काडी कापताना तुम्ही पाहिलं का?"

"न्हाई."

"का?"

"मी पाठ केली होती. बगायचं नसतंय."

"म्हणजे यांनी चोरून नेली, असं म्हणायचंय?"

"हाव, चोरूनच. मीच म्हणले, न्या."

पलीकडं कुणीतरी हसलं. मी ओरडायला लागले, तसा त्यांनी आमचा आवाजच बंद केला. बजरंग डोकं धरून बसला. बाई मात्र समोरच्या पडद्याकडं बघत राहिल्या, आपण खरं सांगितलं आता हे समजून घेतील, अशा चेहऱ्यानं.

हरकत फेटाळली. पुढच्या संक्रांतीला चाकूरच्या बाजारात "माधव घ्या, गोड माधव" असं ओरडत लोकांनी बोरं विकली. बोरन्हाणाला पोरंही तेच म्हणायला लागली. बाईंनी कुणाला टोकलं नाही.

श्रावणात आमच्या गल्लीतली नवी सून शिवगंगा आली, माहेर देगलूरकडचं. "मोठ्या आत्याबाई, परसातल्या माधव सुवर्णाची काडी चोरून नेऊ का?"

मी तिच्यावर धावूनच जाणार होते. बाईंनी मला हातानं थांबवलं.

"काप," त्या म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. "मी हितंच उभी राहून बगणार हाय."

"अवो, मग डोळा मरंल की!"

"मरू दे."

पोरगी रडकुंडीला आली. तिनं काडी कापली. काडी पदराखाली जाईपर्यंत बाईंनी पापणी लववली नाही.

पंधरवड्यानं शिवगंगा नाचत आली. डोळा फुटला होता! बाई तिच्या परसात गेल्या. रानबोरीवरच्या त्या पोपटी कोंबाला त्यांनी बोट लावून पाहिलं.

"इंदू," त्या म्हणाल्या, "तवा बगितलं असतं तरी डोळा जगला असता गं."