चौकड्यांचा ब्लाऊज

सुक्या बोंबलांचा वास आला की मला एडवणची ती हळद आठवते. कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं आणि आम्ही सगळ्याजणी मोबाइलवर गाजत असलेले एकसारखे पिवळे ड्रेस बोईसरहून घेऊन गेलो होतो. मैत्रीण मात्र बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांमधून आली ती साध्या साडीवर लाल चौकड्यांचा ब्लाऊज घालून. "बाबाचा रुमाल हाय, बोटीवर कमरेला नेसायचा तो. मीच शिवला," ती म्हणाली. सगळ्या तिच्याभोवती जमल्या, मांडवातल्या बायकासुद्धा वळून बघत होत्या, आणि माझा अगदी जळफळाट झाला. घरी येऊन बाबांचं कपाट उघडलं, तर आत नुसते कंपनीचे राखाडी शर्ट. मग मी दुकानातून तसंच चौकड्यांचं कापड आणलं आणि शिंप्याकडून तिच्यापेक्षा सुबक ब्लाऊज शिवून घेतला. पुढच्या लग्नात तो घातला, तेव्हा तिने माझ्या बाहीवरून मायेने हात फिरवला. "मस्त दिसते गं! कोणाचा रुमाल हाय?" मी पदर ओढून बाही झाकून घेतली. आता माझं कपाट कपडे मावत नाहीत एवढं भरलंय, तरी नवीन काही अंगावर चढवलं की तिचा तोच प्रश्न ऐकू येतो आणि मी तिच्यावर पुन्हा तेवढीच जळते.