बदल्यात काही नको

आमच्या जीएम साहेबांनी खिशातून वही काढली आणि मी घड्याळ बघितलं. जांबोटीच्या पुढच्या एका वाडीत, देवळासमोर माणसं जमलेली. बाजूला आमचे दिवाळीचे डबे रचलेले: चादर, तेल, साबण, फराळ. वाटायचं आणि परतायचं, एवढंच काम. पण साहेबांना आधी वाचून दाखवायचं होतं.

हे वहीचं खूळ पुण्याच्या ट्रेनर मॅडमनी आणलं. बेळगावच्या एका कारखान्यात मी एचआर बघते. एचआर म्हणजे भरती, रजा, भांडणं आणि साहेबांच्या डोक्यात येईल ते. यंदा आलं ‘माइंडफुल गिव्हिंग’, म्हणजे भान ठेवून देणं. त्याच्या तयारीला ‘रिफ्लेक्टिव्ह रायटिंग’, म्हणजे रोज थोडा वेळ स्वतःच्या मनात डोकावून लिहिणं. कल्पना वाईट नाही, मीसुद्धा लिहीत होते. पण दिवाळीच्या तोंडावर डिस्पॅचची बोंब चालू असताना भट्टीवरच्या माणसाला “मी का देतो?” यावर लिहायला बसवायचं, म्हणजे माझ्याच डोक्याला ताप. सगळ्यांनी एकमेकांचं बघून एकच उत्तर लिहिलं: बदल्यात काहीही नको. ट्रेनर मॅडम हरखून गेल्या. साहेबांना तर ते वाक्य पाठच झालं.

वाडी सुचवली आमच्या कँटीनच्या सुमनआक्कानं. तिचं माहेर ते. तिनंच भावाला निरोप धाडला, तिच्या शब्दावर माणसं कापणी सोडून आलेली. देवळाच्या ओसरीवर नव्या भाताचे पोहे गूळखोबरं घालून कालवून ठेवलेले, शेजारी केळीची पानं. दिवाळीला दारात आलेला माणूस पोहे खाल्ल्याशिवाय जायचा नाही, ही इकडची रीत.

आणि साहेब ठणठणीत आवाजात वाचत होते, “आम्हाला तुमच्याकडून काहीही नको. तुमचं आम्ही काहीही घेणार नाही. हेच खरं देणं.”

सोबत आलेल्या ट्रेनर मॅडमनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सुमनआक्काचे थोरले भाऊ, आप्पा, उठून उभे राहिले.

“आमचं काय बी नको म्हणतायसा?”

“काहीच नको!” साहेब खूश.

“मग डबं गाडीत ठेवा साहेब. आमी काय मागाय आलो न्हवतो.”

माणसं उठायला लागली. सुमनआक्कानं मला हाताला धरून बाजूला ओढलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

“मॅडम, भाऊबीज तोंडावर आलीया. आप्पाला ओवाळाय मी आता कुठल्या तोंडानं येऊ? सगळी म्हणतील, सुमीनं मानसं आनली आनि आमच्याच देवळात आमची शोभा केली. कायतरी करा हो!”

काय करा? मी साहेबांना गाठलं. “साहेब, सगळे बसून पोहे खाऊया. विषय मिटेल.”

“मॅडम, गिफ्ट पॉलिसी आहे. बेनिफिशरीकडून काही घ्यायचं नाही. तुम्हीच ड्राफ्ट केलीय.”

“अहो, ती वेंडरच्या काजूकतलीसाठी! पोह्यांना कसली पॉलिसी?”

“तरी हेड ऑफिसला विचारून घ्या.”

विचारतेय कपाळ! त्या रानात फोनला रेंज कुठली? तेवढ्यात ट्रेनर मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, “आत्ता मनात जे येतंय ना, ते सगळ्यांनी पाच मिनिटं लिहूया का?”

तिथं माझं डोकं फिरलं. “तुम्ही लिहा,” म्हटलं, “मी खाते.” चपला काढल्या, ओसरीवर मांडी घातली आणि ओरडले, “आक्का, वाढ गं मला. भूक लागलीय.” भूक खरीच लागली होती. माझ्यामागून ड्रायव्हर बसला, मग डबे उतरवायला आलेले शॉप फ्लोअरचे सगळे कामगार. ट्रेनर मॅडमही वही मिटून बसल्या. साहेब तेवढे उभे, भर उन्हात.

आप्पा स्वतः पान घेऊन त्यांच्यापुढं गेले. “साहेब, तुमचं डबं आमी घेतो. आदी ह्ये घ्या. न्हायतर दोनी ऱ्हाऊ द्या.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम पोह्यांतून मान वर केली नाही. शेवटी बसले बिचारे, आणि आवडले असणार, कारण दुसऱ्यांदा मागून घेतले. मग डबे न्यायला कुणाला बोलवावं लागलं नाही. निघताना घराघरातून तवसं म्हणजे मोठी काकडी, भोपळा, नारळ असं काही ना काही आलं आणि गाडीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पॉलिसीचं नाव कुणी काढलं नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी रिपोर्टसाठी फोटो मागवले. त्या सगळ्या गोंधळात माणसांचा एकच फोटो धड आला होता. साहेब मांडी घालून बसलेत, पान दोन्ही हातांनी पुढं धरलंय आणि आप्पा वाढतायत.

“हा नको,” साहेब म्हणाले. “यात आपण घेतोय.”

रिपोर्टमध्ये नुसत्या डब्यांचा फोटो गेला. त्या दुसऱ्या फोटोची मी टिळकवाडीतल्या फोटोवाल्याकडून मोठी प्रिंट काढून सुमनआक्काला दिली. भाऊबीजेला ती माहेरी घेऊन गेली. आप्पांनी तो घराच्या पुढच्या सोप्यात, बाहेरून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा लावलाय म्हणे.

द्यायचं कसं यावर आम्ही वह्याच्या वह्या भरल्या. घ्यायचं कसं, हा प्रश्न त्या ट्रेनिंगमध्ये कुणी ठेवलाच नव्हता.